सबूर मावशीची बरणी

माझ्या अंगात कामाचा उरक भारी, पण धीर म्हणाल तर नावाला नाही. त्या शनिवारी लेकीच्या सायकलचं मागचं चाक मीच बसवायला घेतलं. त्यावरची ब्रेकची चकती हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, सहा बोल्टांनी धरलेली असते. पाचवा बोल्ट जरा अडला. मी पाना लावून दिला नेट! कट् झालं आणि बोल्ट जागच्या जागी गरागरा फिरायला लागला. हबातले आटे गेले होते.

सोमवारपासून लेकीची पहिली नोकरी. इस्पितळात सकाळी सहाला हजर व्हायचं, आणि त्या वेळी बस नाही. मी काय करावं? ती घरात येताच तिच्यावरच उखडले, "खड्ड्यांतून दामटतेस, गेले ना आटे!" पोर एकदा माझ्याकडे बघून आत निघून गेली.

रविवारी दोन दुकानदारांनी हात झटकले. "हब बदला, पंधरा दिवस लागतील." मग गेले सबूर मावशीकडे. नवरा गेल्यावर शिवणयंत्र विकून तिनं त्याचं सायकलचं दुकान चालवायला घेतलं, तेव्हा गिऱ्हाइकं बाई बघून दारातूनच परत फिरायची. त्याला बावीस वर्षं झाली. आता जो तो तिच्याकडेच येतो आणि निमूटपणे तिचं "सबूर!" ऐकून घेतो.

कपाळावरचा चष्मा खाली ओढून तिनं भोकात पाहिलं. "कोणी केलं?"

"मुलीनं," मी म्हणाले. जीभ जरासुद्धा अडखळली नाही माझी.

मावशीनं भोक थोडं मोठं केलं, तेल सोडलं आणि टॅप नावाच्या हत्यारानं नवे आटे पाडायला लागली. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मला कुठला दम! "मावशी, सरळ फिरवा की!"

"चुरा अडकला की टॅप मोडतो, मग हबही जातो. सबूर."

त्या आट्यांत तिनं पोलादी तारेची बारीक गुंडाळी बसवली. मग नवा बोल्ट आधी उलटा फिरवला, टिक् ऐकू आलं, म्हणजे आटे जुळले, तेव्हाच सुलटा. तो नुसत्या बोटांनी आत गेला, पाना अगदी शेवटी. हुश्श! मला तर रडूच आलं.

फळीवर खराब बोल्टांची एक बरणी होती. मी विचारलं, "हे कशाला ठेवलेत?"

"माझ्या हातून वाया गेलेले आहेत. पहिला एका मास्तरांच्या सायकलचा. मी त्यांना तोंडावर सांगितलं, तुमचाच खराब होता. भला माणूस, ओळखून हसला आणि पुन्हा माझ्याकडेच आला. तेव्हापासून जपून ठेवते." मग तिनं माझा खराब बोल्ट उचलला. "हा काही माझ्या बरणीतला नाही. कुणाचा म्हणायचा?"

माझे कान तापले. "माझा, मावशी."

"मग घरी ने." तिनं तो पुसला, कागदात गुंडाळला आणि माझ्या हातावर ठेवला.

घरी लेक गणवेशाला इस्त्री करत होती. पुडी तिच्यासमोर ठेवून मी सगळं सांगून टाकलं.

"माहीत होतं गं," ती म्हणाली. "काल तुझ्या ओढणीला ग्रीस लागलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तू सांगशील."

सोमवारी पहाटे तिनं कोपऱ्यावर ब्रेक दाबला, चाक चटकन थांबलं, आणि ती मागे वळून हसली. चाक दुरुस्त झालं हे खरंच, पण ते हसू मला मिळालं ते मावशीमुळे. तिचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.