पणजीची नोट

खिडकीच्या काचेवर एक भिजलेली नोट वाळत लावली आहे आणि तिच्यातून सकाळचं ऊन आत येतंय. नोट आमच्या सुनेच्या पणजीची. सून एलेना मेक्सिकोची. काल कुंड्यांचं पाणी तिच्या बॅगेत शिरलं तेव्हा पोरीचा चेहरा उतरला होता. आज शाई जागच्या जागी दिसली आणि आम्ही दोघींनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"आता हिचं काय मिळेल गं?" यांनी चहा पिता पिता तिला विचारलं.

"काही नाही, बाबा. पणजीच्या वेळीच हिचा नुसता कागद झाला."

क्रांतीच्या धामधुमीत तिथे प्रांताप्रांताचे सेनापती आपापल्या नोटा छापायचे. सेनापती हरला की नोटाही गेल्या. आपल्या प्रांताचा सेनापती हरतोय अशी कुजबुज कानावर येताच पणजीनं घरातल्या नोटा देऊन बाजारातून एक शेळी आणली. एवढ्या पैशांत गाय आली असती म्हणून नवरा संतापला. त्याच आठवड्यात दुसरी फौज गावात शिरली आणि जुन्या नोटा कुणी हातात घेईना. ही एक तेवढी खिशात राहून गेली होती.

"आजोबा तेव्हा तान्हे होते," एलेना म्हणाली. "पणजीला दूध नव्हतं. शेळीला होतं."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती ओट्याशी उभी राहून आलं किसत होती. त्या सेनापतींची नावं इतिहासात असतीलच.

"पणजीचं नाव काय गं?"

"रोसा."

यांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "रोसाबाईंनी आजोबांना वाचवलं, म्हणून आपल्याला ही सून मिळाली."