विहाराच्या भिंतीवरचा पिंपळ

माझे अण्णा माण तालुक्यात गावोगावी दुकानांच्या पाट्या रंगवत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या वस्तीत विहार बांधला, तेव्हा समोरच्या भिंतीवर पिंपळाखाली बसलेले बुद्ध काढायचं काम साहजिकच त्यांच्याकडे आलं. पिंपळ शोधावा लागला नाही. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी विहिरीजवळ लावलेला होताच. अण्णा रोज सकाळी वही घेऊन त्याच्यापुढे बसत.

आधीची दोन वर्षं पाऊस असा झालाच नव्हता. विहिरीचा तळ दिसत होता, प्यायला टँकरचं पाणी. पिंपळानं फाल्गुनात पानं गाळली, ती नेहमीसारखीच. पण चैत्र सरला तरी तांबूस पालवी फुटेना. अण्णांनी अंघोळ सोडली आणि आपल्या वाट्याची बादली झाडाला घालू लागले.

आई म्हणाली, "आवं, हितं माणसांना प्यायला न्हाई."

"माझ्याच वाट्याचं हाय," ते म्हणाले.

एकदा मीही भांडले. सांगलीला नर्सिंगच्या मुलाखतीला जायचं होतं, केस धुवायचे होते. त्यांनी बादली माझ्यापुढे ठेवली. मी केस धुतले.

सांगलीहून परतले तेव्हा चित्र पुरं झालं होतं. बुद्धांचे डोळे मिटलेले, आणि वर एकही पान नसलेल्या फांद्या. वस्तीतले म्हातारे समोर उभे होते. त्यांतले एकजण म्हणाले, "बोधिवृक्ष वाळका कुठं असतोय रं? बुद्धपौर्णिमेला माणसं येणार. हिरवा कर."

"मी बघून काढलंय," अण्णा म्हणाले. "पाऊस पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई. तथागतांनी तरी दुःख कुठं झाकलं?"

"व्हय. पण पोरांनी भिंतीवर तरी सावली बघावी का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी अण्णा शिडीवर चढले. मी खाली हिरव्या रंगाचा डबा धरून उभी. ते एकेक पान काढत होते, देठासकट, लांब टोकासकट. दुपारी हात थांबला. मला वाटलं, दमले. वर पाहिलं तर भिंतीला कपाळ टेकवून ते रडत होते. मी डबा तसाच धरून राहिले.

पौर्णिमेला सगळ्यांनी चित्राची वाहवा केली. पुढे, वाऱ्यात कुणाच्या घरावर पडेल म्हणून वाळलेला पिंपळ तोडला. अण्णा शेवटपर्यंत पाट्या रंगवत राहिले; अक्षरं, बाण, मालाचे भाव. झाड मात्र, कुणी कितीही मागितलं तरी, त्यांनी पुन्हा काढलं नाही.