ढिली पडणारी साखळी

लपवून काय करू, मी त्या माणसावर जळायचो. सेक्टर दहात आमच्या क्वार्टरच्या खाली तो राहायचा. नागपूरकडचा, आमच्याच स्टील प्लांटच्या टाईम ऑफिसात बाबू. त्याच्याजवळ अल्सेशियन कुत्रा होता. सकाळी दोघं फिराले निघाले की कुत्रा त्याच्या डाव्या पायाशी असा चाले, जसा काही ड्यूटीवरच आहे. अन् माझी एकुलती एक पोरगी, तेव्हा चौथीत, चपला घालून त्यायच्या मागं.

माझ्याजवळही कुत्रा होता. जवळच्या मरोदा गावाहून आणलेला, गावठी, लाल रंगाचा, बैलासारखा ओढणारा. माझ्यासंग पोरगी दोन दिवस आली अन् म्हणाली, तुमचा कुत्रा ओढते, मले लाज वाटते. तुमचा म्हणे! रोज पोळी टाकायची तीच. बायकोही कमी नव्हती. खालचे भाऊजी कसे शांत, त्यायचं कुत्रंही कसं शांत, हे ती भाजी चिरता चिरता मले ऐकवायची.

त्या अल्सेशियनच्या गळ्यात चोक चेन होती. दोन टोकांले दोन कड्या असलेली चकचकीत साखळी. एका कडीतून ओवून फास करायचा, दुसऱ्या कडीले दोरी. ओढली की आवळते. मीही रायपूरहून तसलीच आणली, त्याच्याहून जाड. जिन्यात त्यानं ती पाहिली अन् कशी घालायची ते दाखवतो म्हणाला. मी म्हटलं, राहू द्या. मी प्लांटात रिगर. क्रेनच्या हुकाले ओझी बांधण्यात अर्धी जिंदगी गेली, अन् हा हजेरीचं रजिस्टर भरणारा बाबू मले साखळी शिकवणार?

घरी घालून पाहिली. झटका दिला की आवळे, हात सैल सोडला की लगेच ढिली पडे. मले ते पटेना. आमच्या कामात आवळलेला फास ढिला पडला तर खाली माणूस मरते. म्हणून मी साखळी उलटी घातली, दोरीची कडी मानेखालून काढली. आता आवळली की आवळलेलीच राही. मनात म्हटलं, पाह्य बाबू, याले म्हणतात बांधणं.

पोरीले म्हटलं, चाल, आज आपला कुत्रा कसा चालते ते पाह्य. ती आली, माझं बोट धरून आली. बाबूच्या दारापुढून मी मुद्दाम हळू गेलो.

मागच्या गल्लीत डुक्कर आडवं गेलं. कुत्र्यानं झेप घेतली, मी दोरी गच्च धरली. डुक्कर पळालं. मी दोरी ढिली सोडली, पण साखळी काही सुटेना. कुत्रा खाली पडला, जीभ बाहेर, पाय झाडून राहिला. मी कडी शोधू लागलो तर साखळी केसांत रुतलेली, बोटंच आत जाईनात. ज्या हातानं मी एवढाली गर्डरं बांधली, त्या हाताले एक कडी सापडेना. पोरगी ओरडली. बाबा म्हणून नाही, काका म्हणून ओरडली.

बाबू बनियनवरच धावत आला. कुत्र्याची मान त्यानं धरली, कडी मागं सरकवली अन् साखळी काढून घेतली. कुत्रा खोकलला, दम घेतला अन् सरपटत जाऊन त्याच्या पायामागं बसला. माझा कुत्रा!

मी काही बोलायच्या आत त्यानं माझं मनगट मागितलं. आधी त्यात साखळी सुलटी घातली, दोरीची कडी वरून. ओढली, सोडली, आपल्याच वजनानं ती ढिली झाली. मंग माझ्यासारखी उलटी घातली. ओढली, सोडली, ती तशीच चावून बसली. ही फक्त फिरतानाच घालायची, घरी आलं की काढायची, हिनं कुत्रा कधी बांधून ठेवायचा नाही, अन् तुमच्या या ओढणाऱ्या कुत्र्याले तर रुंद कातडी पट्टाच बरा, असं तो सांगून राहिला होता. आवाज जराही चढला नाही त्याचा. त्याचाच मले जास्त राग आला.

"दुखते का बाबा?" पोरीनं विचारलं.

त्या बाबूसमोर नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती मनगटाकडंच पाहून राहिली होती.

"दुखते," मी म्हटलं.

"मंग त्याले किती दुखलं असन." तिनं माझ्या मनगटातली साखळी सोडवली, दोरीसकट बाबूच्या हातात दिली अन् म्हणाली, "काका, उद्यापासून याले तुमीच न्या."