थंडीत उभं राहिल्याचं पदक

साखर कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाला दोन गोष्टी जन्मभर चिकटतात. एक मळीचा वास आणि दुसरे किस्से. वास निदान दिवाळीला उटणं लावून घालवता येतो. किस्से काही जात नाहीत! रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण आम्ही चार जुनी टाळकी रंकाळ्यावर भेळ खायला जमलो की कोणीतरी म्हणतंच, "कॅप्टनचं काढ की लेका!" आणि मग एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. भेळवाला गाडी आवरायला लागतो तरी आमचं चालूच.

कारखान्याचं नाव सांगत नाही. कोल्हापूरपासून लांब नव्हता एवढं पुरे. चेअरमनसाहेबांची नातवंडं अजून निवडणुकीला उभी राहतात, उगीच त्यांची मतं कशाला घालवा!

मी टाइम ऑफिसात टाइमकीपर होतो, कामगारांची हजेरी मांडायला. ऑफिस गेटाला लागूनच, त्यामुळे गेटावरचं सगळं नाटक मला पहिल्या रांगेतून आणि फुकट! नाटकातला नायक म्हणजे आमचे सिक्युरिटी ऑफिसर, कॅप्टन ज्योतिबा चौगुले. साधा शिपाई म्हणून भरती झालेले, महायुद्धापासून पासष्टच्या लढाईपर्यंत सगळं बघून ऑनररी कॅप्टन होऊन आलेले. मिशी अशी, की तिच्यावर लिंबू ठेवलं असतं तरी ते अटेन्शनमध्ये उभं राहिलं असतं.

* * *

मुलाखतीला कॅप्टन छातीवर पदकांची रांग लावून आले. चेअरमनसाहेब मध्ये, दोन्ही बाजूंना डायरेक्टर मंडळी. चेअरमनसाहेबांची नजर पदकांवरून हलेना.

"ही पदकं कशाबद्दल मिळाली म्हणायची?"

कॅप्टननी एकेकावर बोट ठेवलं. "हे थंडीत हुबं ऱ्हायल्याबद्दल. हे उन्हात हुबं ऱ्हायल्याबद्दल. आणि हे लई वरसं हुबं ऱ्हायल्याबद्दल."

डायरेक्टर हसायला लागले. चेअरमनसाहेब म्हणाले, "अहो, नुसतं उभं राहून सरकार पदक देतं होय?"

"साहेब, पळून जाणारीबी हुती की!"

हसणं बंद झालं. नोकरी तिथंच पक्की झाली. तसं गेटावर तरी दुसरं काय करायचं होतं? उभंच राहायचं होतं!

* * *

आता पेन्शन असताना या माणसाला नोकरी कशाला हवी? हे मी एकदा काकूंनाच विचारलं. काकू म्हणजे कॅप्टनच्या मंडळी. गोऱ्यापान, ठेंगण्या आणि तोंडानं फटकळ.

"भाऊजी, तुम्हांस्नी काय सांगू," काकूंनी कपाळाला हात लावला. "रिटायर हून घरी बसलं तवा काय काय केलं इचारा! म्हशी उंचीपरमाणं बांधल्या. सुनंनं भाकरी थापायच्या आदी रिपोट द्यायचा. चूल का धूर करतीया म्हणून माझी चौकशी लावली! आणखी एक साल घरात ऱ्हायलं असतं तर मीच मिल्ट्रीत गेले असते."

म्हणजे कारखान्याची नोकरी ही कॅप्टनची गरज नव्हती, काकूंची होती! पण नुसती थट्टाही नव्हे. त्याच काकू आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि घरात बसून रातीचं दचकून उठायचं. कुठल्याबी आवाजानं. गेटावर जायला लागल्यापास्नं गप निजत्यात. त्येवढी नोकरी सांभाळा म्हणावं चेअरमनसाबास्नी."

नोकरी चेअरमनच्या हातात होती, हे खरंच. दर वर्षी एक्स्टेन्शनचा कागद निघायचा आणि त्यावर सही साहेबांची.

* * *

कॅप्टनचा नियम साधा. गेटातून बाहेर जाणारी प्रत्येक गाडी थांबणार, डिकी उघडणार. ऊस उतरवून रिकामी परत निघालेली बैलगाडीसुद्धा सुटायची नाही. एकदा शिफ्ट सुटायच्या वेळी चेअरमनसाहेबांची पांढरी गाडी आली. सायकली घेऊन शेदोनशे कामगार खोळंबलेले. ड्रायव्हर बशीरनं हॉर्न वाजवला. कॅप्टननी हात आडवा केला.

बशीर बिचारा काच खाली करून पुटपुटला, "कॅप्टनसाब, साहब बैठे हैं अंदर."

"बसू दे की. डिकी उघड."

डिकीत साखरेचं पोतं. शिवलेलं, कारखान्याचा शिक्का मारलेलं, शंभर किलोचं!

मागची काच खाली आली. "चौगुले, मला ओळखलं नाही का?"

कॅप्टननी कडक सॅल्यूट ठोकला. "तुमास्नी वळखलं की साहेब. पोत्याला न्हाय वळखलं. त्येचा गेटपास दाखवा."

अहाहा! सायकलींच्या घंट्या वाजायला लागल्या. कुणीतरी मागून शिट्टी मारली. पोतं उतरलं. कॅप्टननी ते दोन वॉचमनांकडून उचलवून गोडाऊनला परत पाठवलं, आणि गाडी जाताना पुन्हा सॅल्यूट ठोकला, तितकाच कडक!

त्या वर्षापासून एक्स्टेन्शनचा कागद सहा-सहा महिन्यांचा निघायला लागला.

* * *

पदकांतल्या एकावर विलायतेच्या राजाचं मुंडकं होतं. ते शौर्यपदक, चांदीचं. पण नीट बघितलं तर राजाला नाकच नाही! कान आहे, मान आहे, नाकाच्या जागी सपाट.

झालं होतं असं, की खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात तशी काकू पदकंही पुजायच्या. आणि पूजेआधी तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर ती चिंच आणि राखेनं घासायच्या. काकूंच्या हाताला लागलेलं भांडं आरशासारखं व्हायचं. राजाचंही तेच झालं. दर खंडेनवमीला थोडा थोडा करत राजा गुळगुळीत!

एका बड्या लष्करी साहेबानं माजी सैनिकांच्या मेळाव्यात ते पाहिलं आणि डोळे वटारले. "कॅप्टन, हे काय?"

"साहेब, स्वराज्य मिळालं तवा इंग्रजांचं नाक कापलं गेलं म्हणत्यात न्हवं? त्येचा पुरावा आमच्या घरात हाय."

* * *

पण ते पदक नेमकं कशाबद्दल, हे कॅप्टन सांगायचे नाहीत. एकदा रात्रपाळीचा चहा पिताना मी खनपटीलाच बसलो, तेव्हा एवढं निघालं.

आफ्रिकेच्या वाळवंटात यांच्या पलटणीशेजारी ऑस्ट्रेलियन पलटण होती. त्यांचा एक मेजर. ताडमाड उंच, उन्हानं लालबुंद, टोपीची एक कड वर मुडपलेली. छातीवर पदकांच्या रंगीत फितींची रांग. तरुण ज्योतिबानं मोडक्या इंग्रजीत आणि हातवारे करून विचारलं, हे सगळं कशाबद्दल? मेजर म्हणाला, ही फीत थंडीत उभं राहिल्याची, ही उन्हात उभं राहिल्याची...

"म्हणजे ते वाक्य तुमचं नव्हेच?" मी ओरडलो.

"उसनं हाय. मालक लांब ऱ्हातोय, परत कसं करायचं?"

पुढं एका दिवशी तोफांचा मारा झाला, ट्रक पेटला, आणि धुरातून दोघं जण बाहेर आले. एक मेजर, एक ज्योतिबा. एकमेकांना ओढत.

"कुणी कुणाला वाचवलं?"

"त्यो म्हणायचा म्या त्येला वाचवलं. म्या म्हणायचो त्येनं मला वाचवलं. भांडण मिटंना. शेवटी सरकारनं दोघांनाबी एकेक पदक दिलं, गप बसा म्हणून!"

मी हसलो. कॅप्टन हसले नाहीत. कपातला चहा तसाच ठेवून ते गेटाची फेरी मारायला उठले.

* * *

दर सव्वीस जानेवारीला झेंडा चेअरमनसाहेब फडकवायचे आणि पोरंटोरं जमायची कॅप्टनच्या छातीभोवती! फोटोवालासुद्धा तिकडेच. साहेबांना हे किती झोंबत होतं, ते रौप्यमहोत्सवाच्या वर्षी कळलं.

बोर्डानं ठराव केला, की चेअरमनसाहेबांना 'सहकाररत्न' पदक द्यावं. सूचक साहेबांचे मेव्हणे, अनुमोदक साहेबांचे व्याही, आणि ठराव मंजूर करून खाली सही करणार खुद्द साहेब. पदक कोल्हापूरच्या गुजरीत सोनाराकडे घडवायला टाकलं. आलं ते चहाच्या बशीएवढं! मंत्रीमहोदय स्टेजवर ते साहेबांच्या छातीवर लावणार होते.

मग साहेबांनी कॅप्टनना केबिनमध्ये बोलावलं. मी हजेरीचे कागद घेऊन तिथंच होतो.

"चौगुले, त्या दिवशी तुमच्या छातीवर काही दिसता कामा नये. पदक नाही, फीत नाही. तुमचा कागद माझ्या ड्रॉवरात आहे. मुदत त्याच संध्याकाळी संपते. दिसलं काही, तर सही विसरा."

कॅप्टन म्हणाले, "बरं साहेब." सॅल्यूट केला आणि निघाले.

मला असा राग आला म्हणता! ज्या छातीनं गोळ्यांपुढं माघार घेतली नाही, तिला एका बशीसाठी मोकळं व्हायला सांगतात? बाहेर येऊन मी कॅप्टनना म्हटलं, "घाला तुम्ही! बघू काय करतो!"

कॅप्टन नुसते म्हणाले, "टाइमकीपर, तुमच्या काकूची झोप बी माझ्या कागदावर हाय."

* * *

महोत्सवाचा दिवस. गेटाला उसाची तोरणं, सनई, कामगारांच्या बायका नवी लुगडी नेसून एका रांगेत, त्यांत काकूही. चेअरमनसाहेबांना दम निघाला नव्हता. मंत्री स्टेजवर लावणार ते पदक त्यांनी सकाळपासूनच लावलं होतं! स्टेजजवळ गेल्यावर काढून पुन्हा लावून घ्यायचं ठरलं होतं.

मंत्र्यांची गाडी गेटावर थांबली. कॅप्टन पुढं झाले, सॅल्यूट ठोकला. छाती मोकळी. पण वर्षानुवर्षं त्याच खाकी शर्टावर फिती लावलेल्या. सगळा शर्ट उन्हानं विटलेला आणि डाव्या खिशावर तेवढीच गडद, नव्या कापडासारखी पट्टी. ती लपवणार कशी?

मंत्री खेड्यातूनच वर आलेला माणूस, नजर पक्की. त्यांनी त्या पट्टीवर बोट ठेवलं. "इथं काय होतं, कॅप्टन?"

"फिती हुत्या साहेब. आज रजेवर हायेत."

"का बरं? आणि तुम्ही किती वर्षं आहात इथं?"

"आज सांजपतूर हाय साहेब."

मंत्र्यांनी सावकाश चेअरमनकडे बघितलं. साहेब घाईघाईनं पुढं झाले. "छे, छे! असं कसं? कागद तयार आहे! पाच वर्षांचा! आजच सही करतोय!"

मंत्र्यांच्या पीएनं ते वाक्य तिथल्या तिथं डायरीत टिपून घेतलं. बायकांच्या रांगेतून काकूंनी कॅप्टनकडे बघून हात जोडले, की आता तरी गप बसा!

कॅप्टन गप बसलेही. पण मंत्र्यांचं लक्ष आता त्या बशीवर गेलं होतं. ते गालातल्या गालात हसत म्हणाले, "चेअरमन, हे पदक हो कुठल्या लढाईचं?"

साहेबांनी पदकावर हात ठेवला. सनईवाला थांबला. गाडीपाशी उभ्या असलेल्या बशीरनं तोंडाला रुमाल लावला.

कॅप्टन एक पाऊल पुढं झाले, टाचा जुळवल्या. "म्या सांगतो साहेब. ती गेटावरची लढाई. ह्या बाजूला चेअरमनसाहेब, त्या बाजूला म्या, आणि मधी एक पोतं."

"असं? मग जिंकलं कोण?"

कॅप्टननी चेअरमनसाहेबांना सॅल्यूट ठोकला, अगदी त्या दिवशीसारखाच कडक.

"पदक कुणाच्या छातीवर हाय, बघा की साहेब!"