तीन राजांच्या उंटांचा चारा

मथुराला खुर्ची मानवत नसे. दुसरी-तिसरीच्या वर्गात टेबलामागं वेताची एक चांगली खुर्ची होती, पण चार वर्षांत तिच्यावर बसली ती फक्त मथुराची पिशवी. ती आपली बाकांमधून फिरत राही. फिरता फिरता एकाची गुंडी लावी, दुसरीची रिबीन बांधी, आणि तोंडानं स्पॅनिश चालू. पोरं मान वळवून वळवून दमत.

बेंगळुरातल्या हलसूर तळ्याच्या पलीकडं सिस्टरांची शाळा होती. शाळा काढणाऱ्या सिस्टर स्पेनच्या, म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास त्यांच्या भाषेचा. तो तास मूळचा मादरे, म्हणजे मदर, कॉन्सुएलोचा. गल्लीतली माणसं तिला कोन्सलम्मा म्हणत. मथुरा पन्नास साली त्या शाळेत आया म्हणून लागली. पाणी भरायचं, पोरींच्या वेण्या घालायच्या, आणि संध्याकाळी कोन्सलम्माच्या दुखऱ्या गुडघ्यांना एरंडेल चोळायचं. म्हातारी बोलायची ते सगळं स्पॅनिशमध्ये, कारण दुखायला लागलं की माणूस दुसऱ्या भाषेत बोलत नाही. मथुराला घरात मराठी, गल्लीत कन्नड, बाजारात तमिळ आणि जटकेवाल्यांशी दखनी येत होतीच. तेल जिरता जिरता पाचवी भाषा आत गेली. आठ वर्षांत ती म्हातारीशी भांडू लागली, तेही स्पॅनिशमध्ये.

अठ्ठावन्न साली मादरेचे डोळे गेले. तास मथुराकडं आला, 'तात्पुरता' म्हणून. पोरं तिला सेन्योरा, म्हणजे बाई, म्हणू लागली. हजेरीपटात मात्र ती आयांच्या पानावरच राहिली, माळी गुंडोच्या वरच्या ओळीत.

तिचं शिकवणं म्हणजे फळा कमी आणि उठबस जास्त. भाजीचा बाजार भरवायचा, वांगी-टोमॅटो विकायचे, घासाघीस स्पॅनिशमध्ये. सागरगोटे उडवत आकडे मोजायचे. सण आला की तिथला सण इथं करायचा. त्यातला पोरांचा लाडका सण जानेवारीतला. पाच तारखेला संध्याकाळी बाळ येशूच्या भेटीला निघालेले तीन राजे उंटांवरून येतात, उंटांसाठी चारा ठेवायचा, आणि सहा तारखेला सकाळी चाऱ्याच्या जागी खाऊ मिळतो.

मादरेनं तिला नीट सांगितलं होतं: चारा मुलांच्या पायातल्या जोड्यांत ठेवतात, आणि खाऊही जोड्यांतच मिळतो.

इथं मथुराचं पाऊल अडलं. तिचे वडील रघुजी जटका चालवायचे. घोड्याला हरभरे घालायचे ते सुपातून. एखाद्या पोराचा पाय चुकून सुपाला लागला तर घोड्याच्या पाया पडायला लावायचे. घराणं तीनशे वर्षांमागं कुणा सरदाराच्या घोडदळाबरोबर बेंगळुरात उतरलेलं. सरदार गेला, दळ गेलं, एक घोडा आणि ही रीत तेवढी उरली. मुक्या जनावराच्या तोंडासमोर खेटर धरा असं तिच्या जिभेवर येईना. तिनं पोरांना सांगितलं, स्पेनमध्ये सूप ठेवतात. गौरीच्या वायनाची सुपं घरोघरी पडलेली असायचीच. पहिल्याच वर्षी चौतीस सुपं वर्गाच्या भिंतीला लागली, नाचणीचा कडबा घातलेली. सकाळी मथुरानं त्यात तीळ, गूळ, खोबरं ठेवलं. पोरांना राजे एकदम पटले.

"काय गं," तिचा नवरा खंडोजी म्हणाला. तो गिरणीत होता आणि जेवताना त्याला शाळेच्या गोष्टी लागायच्या. "राजे म्हणतेस, आणि खाऊ पायताणात ठेवतात?"

"म्हणून तर सूप केलं मी."

"म्हंजे स्पेन बदललास."

"स्वल्प," मथुरा म्हणाली, आणि आणखी भात वाढायला उठली.

मादरेला मात्र तिनं हे कधी सांगितलं नाही. ते तिच्या मनात कुसळासारखं राहिलं.

एकसष्टच्या डिसेंबरात हेड सिस्टर फिलोमिनानं तिला बोलावलं. फिलोमिना मंगळूरकडची, कामाला वाघीण, बोलायला तोडून.

"मथुरा, सरकार म्हणतंय कन्नड, हिंदी, इंग्लिश. ही चौथी कुठल्या तासाला बसवू? आणि शिकवणार कोण, आया. पालक विचारतात. स्पेनहून मादरे आसुन्सियोन येताहेत, सगळ्या शाळा बघायला. पाच-सहा जानेवारीला आपल्याकडं. तास राहिला तर तुला शिक्षकांच्या पानावर घेईन, असं मीच त्यांना लिहिलंय. नाही राहिला तर..."

"तर घागर आणि फणी."

"तुझं तूच म्हणालीस."

त्या दिवसापासून मथुराचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. घागरीची तिला लाज नव्हती. पण दुपारी दीड वाजता चौतीस तोंडं एकदम 'सेन्योरा' म्हणतात, ते दुसऱ्या कुणाला म्हणतील किंवा कुणालाच म्हणणार नाहीत, हे तिला गिळवेना. चालत शाळेला जायची ती तळ्याला आणखी एक फेरा घालून जाऊ लागली. बाई स्पेनची. सुपं बघणार. विचारणार.

शेवटी तिनं वर्गात सांगून टाकलं, "या वर्षी जोडे आणा."

दुसऱ्या दिवशी फाटकाशी गोजराबाई उभी. तिची नात वर्गात होती.

"मथुराक्का, माझ्या नातीला पायताणात खाऊ ठेवायला सांगितलंस म्हणे?"

"तिथली रीत आहे अक्का."

"तिथं ऱ्हाऊ दे की. गेली तीन वर्षं सूप चाललं, यंदा खेटर? राजे बाटले काय मधेच?"

"राजे न्हाई बाटले."

"मग तू बाटलीस. सिस्टरांच्या तेलानं." आणि जाता जाता मागं वळून, "आणि हे बघ, पोरीला जोडे हाईत कुठं? अनवाणी येती ती. तिच्या राजांनी काय पायात चारा ठेवावा?"

मथुरानं वर्गात जाऊन पायांकडं बघितलं. चौतीसांतल्या अकरांना जोडे होते. बाकीचे चपलांवर, नाहीतर तसेच. बारा वर्षं शाळेतल्या पोरांचे पाय धुतले आणि हे मोजलं नव्हतं. ती म्हणाली, "सरी, ठीक आहे. सुपंच आणा."

सहा तारखेला शनिवार होता. मादरे आसुन्सियोन उंच, सडपातळ, साठीची बाई, हातात छोटी वही. भिंतीलगत सुपं बघून ती थांबली. पोरांनी एका सुरात तिला सुप्रभात म्हटलं, तीन राजांची नावं सांगितली, उंट कुठल्या वाटेनं येतात ते सांगितलं. नंदकिशोर म्हणून विमान कारखान्यातल्या एका इंजिनियरचा मुलगा, पुण्याहून आलेला, त्यानं उंटाला तहान लागते म्हणून आपण तांब्याही ठेवल्याचं सांगितलं. बाईच्या तोंडावर हसू आलं. ती भराभरा विचारू लागली आणि पोरं भराभरा उत्तरं देऊ लागली. फिलोमिनाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण ती मान डोलावत होती.

मग बाईनं विचारलं, "आणि तुमचे जोडे?"

प्रतिमा म्हणून आठ वर्षांची पोर उठली. "बाहेर आहेत मादरे. जोडे नेहमी बाहेर असतात."

"पण राजे खाऊ कशात ठेवतात?"

"सुपात. स्पेनमध्ये सगळ्यांच्या घरी सूप असतं."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"सेन्योरानं. सेन्योराला मादरे कॉन्सुएलोनं."

बाईचा चेहरा बदलला. ती फिलोमिनाकडं वळून हळू आवाजात इंग्रजीत म्हणाली, "कॉन्सुएलोची बुद्धीही गेली आहे का? मला फक्त डोळ्यांचं कळवलं होतं."

मथुराला तेवढं इंग्रजी येत होतं. एक क्षण तिला वाटलं, गप्प बसावं. म्हातारी वरच्या खोलीत, तिला कोण विचारायला जाणार? चार दिवसांत ही बाई बोटीवर बसेल. तास राहील. पान बदलेल.

"तिची बुद्धी ठीक आहे," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली. "तिनं जोडेच सांगितले होते. सूप माझं."

"आणि मुलांना सांगितलं की स्पेनचं आहे."

"होय."

"का?"

"जोड्यातनं जनावराला खायला द्यायला मला जमेना."

बाईनं वही मिटली. "बाई, उद्या मी माझ्या गावी जाऊन मुलांना सांगितलं की हिंदुस्थानात लोक देवापुढचा दिवा चपलेत लावतात, तर तुम्हाला चालेल?"

मथुरानं पदर खांद्यावर घट्ट ओढला. "न्हाई चालणार," हे मात्र तिच्या तोंडून मराठीतच आलं. बाईला कळलं.

"सुपं ठेवा. छान आहेत. पण ती आमची म्हणू नका. सोमवारी मुलांना तुम्हीच खरं सांगा. मी मागच्या बाकावर बसते. मग ठरवीन."

दुपारी मथुरा स्वतःच कोन्सलम्माच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. म्हातारीनं गुडघ्यांवरचं फडकं ओढून घेतलं.

"माझ्या आईनं माझे जोडे पुसून खिडकीत ठेवले होते. ते मी तुला दिलं. आणि तू ते फेकून सूप ठेवलंस. चार वर्षं."

"चूक झाली."

"जा. तेल नको आज."

रविवारी मथुरानं घरातली सगळी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. खंडोजी म्हणाला, "सुम्ने उगी बस की गं जरा. पोरांपुढं बोलायचंय, कोर्टात न्हाई."

"कोर्टात एक जज्ज असतो."

"मग?"

"इथं चौतीस."

सोमवारी दीड वाजता ती फळ्यापुढं उभी राहिली. आधी स्पॅनिशमध्ये, मग सगळ्यांना कळावं म्हणून कन्नडमध्ये बोलली. स्पेनमध्ये सूप नाही. तिथं जोडे ठेवतात. मादरेनं खरं सांगितलं होतं, मी बदललं, आणि बदललं हेही तुम्हाला सांगितलं नाही.

मग प्रतिमा उठली. तिचे कान लाल झाले होते. परवा परक्या बाईपुढं खोटी ती पडली होती.

"मग आम्ही चार वर्षं खोटं शिकलो?"

"तू तर दोनच वर्षं शिकलीस."

"तेवढी खोटी?"

"सुपाचं एवढं खोटं."

"आणखी काय काय खोटं शिकवलंत?"

हाच प्रश्न मथुरा रविवारभर भांड्यांवर घासत होती. तिनं खडू उचलला, फळ्यावर उभी रेघ मारली. एकीकडं 'तिथलं', दुसरीकडं 'आपलं'.

"विचारा. एकेक."

"नव्या वर्षाला बारा द्राक्षं खातात?"

"तिथलं. आपण शेंगदाणे खाल्ले, ते आपलं."

"लग्नात नवरीला हळद लावतात?"

"असं मी म्हणाले होते?"

"होय सेन्योरा," सगळे एकदम म्हणाले, आणि मागच्या बाकांवरनं हसू फुटलं. मथुरा स्वतःही हसली. "आपलं."

"दुपारी दुकानं बंद करून झोपतात?"

"तिथलं."

"आमच्या बाबांना सांगतो," नंदकिशोर म्हणाला.

"मोठ्यांच्या पाया पडतात?" गोजराबाईच्या नातीनं विचारलं.

खडू थांबला. मथुराला आठवेना. मादरेनं सांगितलं होतं, की शिकवता शिकवता आपल्याच घरातलं आपण त्यात घातलं? बारा वर्षांत दोन्ही इतकं कालवलं गेलं होतं की दाणा कुठला नि खडा कुठला ते कळेना. पोरं वाट बघत होती. तिनं आणखी एक रेघ मारली आणि तिसऱ्या रकान्यावर लिहिलं, 'विचारायचं'.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. हे वाक्य तिनं वर्गात पहिल्यांदा उच्चारलं.

मागून मादरे आसुन्सियोनचा आवाज आला. "पाया नाही पडत. आजीचा हात ओठांना लावत असू आम्ही. पण ते माझ्या गावात. दुसऱ्या गावचं मलाही माहीत नाही."

मथुरानं तसंच लिहिलं: हात, पाया नव्हे, मादरे आसुन्सियोनच्या गावात. मग पोरांनी धडाका लावला. तिसरा रकाना खाली खाली भरत गेला. फळा संपला तेव्हा मथुरा वाकून खालच्या चौकटीवर लिहीत होती. घंटा झाली तरी कुणी दप्तर आवरेना. फक्त प्रतिमा रागातच होती. ती सगळं वहीत उतरवून घेत होती, उद्या पडताळून बघायला.

व्हरांड्यात फिलोमिना थांबली होती. दोघी सिस्टर आधी आपसांत बोलून झाल्या होत्या.

"तास राहिला," फिलोमिना म्हणाली. "जूनपर्यंत. तुझं नाव शिक्षकांच्या पानावर घेतलंय, पण पेन्सिलीनं."

"सरी. आणि रबर कुणाच्या कपाटात असतं?"

"माझ्या. आणि कपाटाला कुलूप नसतं, ध्यानात ठेव."

मथुरा वर्गात परतली. तिसऱ्या रकान्यातले एकोणीस प्रश्न तिनं एका कागदावर उतरवले आणि जिना चढून गेली. कोन्सलम्माचं दार शनिवारपासून तिला बंद होतं. तिनं ठोठावलं.

"कोण?"

"मथुरा. एकोणीस गोष्टी विचारायच्यात. मुलांना उद्या सांगायच्यात."

आत पलंग करकरला.

"पेन्सिल आहे का जवळ?" म्हातारी म्हणाली. "मग ये. या वेळी लिहून घे. पहिलं जोड्यांचं."