अकरा मिनिटांची हाक

“काका, देव पहिल्या दहा सेकंदांत आला पाहिजे. नाहीतर लोक स्किप करतात.”

हे मला लंडनमधल्या स्टॅनमोरच्या एका गॅरेजमध्ये एका म्युझिक प्रोड्यूसरनं ऐकवलं. तिशीतला, पुण्याचा. गॅरेजच्या भिंतींना स्पंज चिकटवून त्यानं स्टुडिओ केला होता, आणि इथल्या मराठी लग्नांत लोक ज्या गाण्यांवर नाचतात त्यातली बरीचशी त्याच्या हातून गेलेली. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. राग यायला मला फार कारण लागत नाही, हे माझी बायको कुणालाही सांगेल. पण त्या दिवशी मी गप्प बसलो, कारण अल्बम माझा होता, पहिलाच होता आणि मी एक्कावन्न वर्षांचा होतो. एवढ्या उशिरा कुणी दार उघडलं तर माणूस आत जाताना वाकतो.

आम्ही गोंधळी. लग्न झालं, घर बांधलं की आमच्या बार्शीकडच्या गावांत देवीचा गोंधळ घालतात, आणि तो घालायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडं. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, त्या भागातले मुख्य गाणारे. मी इंजिनिअर झालो. इंग्लंडात ब्रॅकनेलमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढतो आणि त्याचा पगार घेतो. तुणतुणं मात्र येताना बॅगेत घालून आणलं होतं. हळूहळू कुणाच्या वास्तुशांतीला, कुणाच्या लग्नानंतर बोलावणं यायला लागलं. कौन्सिलच्या हॉलमध्ये दिवटी पेटवली की फायर अलार्म बोंबलतो, म्हणून आमची दिवटी बॅटरीवरची. आण्णांना हे अजून सांगितलेलं नाही.

गोंधळाची सुरुवात बोलावण्यानं होते. एकेका देवाला गावासकट हाक मारायची. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, आणि मग लहान लहान गावांचे, शिवेवरचे, ओढ्याकाठचे. गाणं सुरू करण्याआधी आण्णा यजमानांना विचारून घेत: कुलदैवत कोणतं, बाईंच्या माहेरचं कोणतं, पाव्हण्यारावळ्यांचं कोणतं. एकही राहता कामा नये. ज्याच्या देवाला हाक गेली नाही तो माणूस त्या मांडवात परका.

अल्बमला यजमान कोण? मी यावर आठवडाभर विचार केला आणि ठरवलं, जो ऐकेल तो. कोण ऐकेल हे माहीत नाही, म्हणून आठवतील तेवढे सगळे देव घेतले. झालं अकरा मिनिटांचं.

आणि ते अकरा मिनिटांचं गाणं एकट्याचं नाही. मुख्य गाणारा ओळ अर्धी सोडतो, मागं उभा असलेला झीलकरी ती उचलून पुरी करतो. झील मिळाली नाही तर ओळ नुसती लोंबकळत राहते. गावाकडं झीलकरी पुरुषच असायचे. इथं ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचं नेमकं त्याच दिवशी बॅडमिंटन निघायचं. शेवटी बायको म्हणाली, “अहो, इतकी वर्षं स्वयंपाकघरात ऐकतेच आहे, मी देते.” तिनं दिली, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा सुरात दिली.

आता हे सगळं तीन मिनिटांत बसवा, असं प्रोड्यूसरचं म्हणणं. खाली बीट टाकू, सुरुवातीलाच कानात बसणारं हुक ठेवू, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात लाँच करू. “तुमचा आवाज रॉ आहे काका, लोकांना आवडेल. फक्त लिस्ट कमी करा.” देवांच्या नावांना तो लिस्ट म्हणत होता. मी चिडायला हवं होतं. त्याऐवजी सोमवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडला आणि देवांची एक्सेल शीट केली. पहिल्या कॉलममध्ये देव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात प्रायॉरिटी. मोठी देवस्थानं हिरवी, मधली पिवळी, ज्यांना त्या गावाबाहेर कुणी ओळखत नाही ती लाल. वीस वर्षं बग्जची अशीच वर्गवारी करत आलोय, हात आपोआप चालला. सँडविच संपायच्या आत काम झालं. लाल ओळी कापायच्या असं लिहून शीट त्याला पाठवून दिली. मला काहीही वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

पुन्हा गायची गरजच नव्हती. पूर्ण गाणं आधीच रेकॉर्ड झालं होतं, त्यातूनच त्यानं नको ती नावं कापली. दोन मिनिटं पन्नास सेकंदांचा ट्रॅक आला. शनिवारी मोठ्या हौसेनं मी तो गाडीत बायकोला ऐकवला. बीट दणदणीत होता, माझा आवाज गुळगुळीत झाला होता. एरवी गाण्यावर बोटं वाजवणारी ही बाई हात मांडीवर ठेवून बसली होती. टेस्कोच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली तेव्हा ती म्हणाली, “माझ्या गावची मरीआई कुठंय?”

मी म्हणालो, “अगं, वेळेचं गणित होतं.”

“ती लाल होती का?”

शीट तिनं बघितली होती तर.

“मग माझी झीलही काढा त्यातनं,” ती म्हणाली. आवाज जरासुद्धा चढला नाही. “माझ्या आईला वगळायचं आणि मागं मला उभं करायचं, हे मला नाही जमणार.” पिशव्या घेऊन ती आत गेली. मी तिथंच बसून राहिलो. वाद घातला असता तर मी जिंकलो असतो, वादात मी कुणाला ऐकत नाही. पण ती भांडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी आण्णांना फोन केला. मला वाटलं ते म्हणतील, परदेशात चालायचंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आधी पुरं म्हणला हुतास ना? समद्यांना हाक मारली हुतीस?”

“हो. नंतर कापलं.”

“म्हंजी बोलवून घेतलंस आन् दारातनं माघारी धाडलंस.” “आरं, बोलवायचंच नव्हतंस मग. न बोलवण्यात चूक हाय, ह्यात अपमान हाय.” आणि फोन ठेवला. पुढचे दोन रविवार त्यांनी फोन उचलला नाही. गावी आण्णांजवळ राहणाऱ्या माझ्या वहिनी सांगायच्या, “झोपलेत.” तिकडच्या सकाळी अकरा वाजता आण्णा आयुष्यात कधी झोपले नाहीत.

मी स्वतःवर इतका चिडलो होतो की स्टॅनमोरला जाताना दोनदा एक्झिट चुकलो. प्रोड्यूसरला म्हणालो, “अकरा मिनिटं जाणार. पहिला ट्रॅक म्हणूनच जाणार. बीट नको.”

तो शांतपणे म्हणाला, “काका, मग ते कुणी ऐकणार नाही. मंडळवाले पाच मिनिटांच्या वर देणार नाहीत. आणि माझं नाव मी त्यावर लावू शकत नाही.”

“नको लावूस.”

“तुम्ही इमोशनल होताय.”

“होतोय,” मी म्हणालो. “हे गाणंच इमोशनल होऊन म्हणायचं असतं.” चांगला माणूस होता तो, खरं सांगायचं तर. पूर्ण रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून देत होता, पण मी ते घेतलं नाही. माघारी धाडलेल्यांना पुन्हा हाक मारायची तर ती नव्यानं मारायला हवी होती.

घरी येऊन बायकोला म्हणालो, “चुकलो. सगळे घेतो. तू झील देशील का?” तिनं भाजी हलवत विचारलं, “शीट डिलीट केली?” तिच्यासमोर केली. “रिसायकल बिनमधनंही काढा,” ती म्हणाली. तिथूनही काढली.

ब्रॅकनेलमध्ये चर्चच्या मागे एक हॉल आहे, तो शनिवारी सकाळी तीन तासांसाठी मिळाला. माइक एकच. ऑफिसातला कोल्हापूरचा एक सहकारी संबळ वाजवायला आला. कानात टकटक करणारा क्लिक नको म्हणून सांगितलं, लय वाढली तर वाढू दे. पहिल्या खेपेला सहाव्या मिनिटाला बाहेर कुणीतरी लॉनमोअर सुरू केला. दुसऱ्या खेपेला मीच दोन गावांची अदलाबदल केली. तिसऱ्या खेपेला घसा बसला. सहकारी म्हणाला, “दोन तुकडे जोडूया ना, कोणाला कळतंय?” बायकोनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो निमूट संबळ आवळायला लागला. चौथ्या खेपेला आम्ही शेवटपर्यंत गेलो. मरीआईच्या नावाला मी ओळ सोडली तेव्हा मागून झील आली ती थोडी कापरी होती. ती तशीच ठेवली.

अल्बम निघाला. आम्हीच अपलोड केला. दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळानं चौथा ट्रॅक वाजवला, लहान होता म्हणून. बरेच जण पहिला ट्रॅक अर्ध्यावर सोडतात, मला ते ॲपमध्ये दिसतं. दिसू दे. जो सोडतो त्याचाही देव पुढं कुठंतरी घेतलेला आहे, कधीतरी पुरं ऐकलं तर सापडेल.

लिंक वहिनींना पाठवली होती. पुढच्या रविवारी त्यांनी फोन केला आणि म्हणाल्या, “भावजी, आण्णांना आत्ता लावून देते. तुम्ही लायनीवर ऱ्हावा.” त्यांच्या फोनवर लावलेलं गाणं माझ्या फोनमध्ये बारीक, चिरकं ऐकू येत होतं. तुणतुणं, संबळ, मग मी. बायको शेजारी येऊन बसली. एकेक देव होत होता आणि आण्णा गप्प. खोकलेसुद्धा नाहीत. माहूर झालं, जेजुरी झाली, मग लहान गावं सुरू झाली. मला वाटलं, गेले असतील उठून.

मग एका ओळीला रेकॉर्डिंगमधली बायकोची झील आली आणि तिच्याबरोबर आणखी एक आवाज आला, म्हातारा, फाटका, पण अचूक जागेवर. पुढच्या ओळीलाही आला. त्याच्या पुढच्याही. बायकोनं माझा हात घट्ट धरला. आमच्या घरात मुख्य गाणारा दुसऱ्याला झील देत नाही. आण्णांनी तर त्यांच्या थोरल्या भावालाही दिली नव्हती. मी लहानपणापासून त्यांच्या मागं उभा राहून झील देत आलो होतो, आणि आता, हजारो मैलांवरून, आण्णा माझ्या मागं गात होते.