कातळाचा रॉक डेक

१४ मे. प्लॉटच्या माहितीपत्रकाचं पाचवं पान समोर आहे; तपासून उद्या सकाळी छापायला पाठवायचं आहे. मथळा ‘आसपास काय पाहाल’. धबधबा, ट्रेक, काजवे आणि चार नंबरला ‘रॉक डेक: नदीकाठचा सनसेट, निवांत गप्पा, फोटो’. चार नंबर मी लिहिलाय. वाडीत राहिलेल्या तुम्हा लोकांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना त्याचं काय झालं ते सांगायला हवं.

मी वाडी सोडली ती शेजारच्या बाळूनानाच्या टेम्पोतून. नवं लग्न, अंबरनाथला बुवापाड्यात दीड खोली. कपाट चढलं, गाद्या चढल्या. तांब्याचा हंडाही मी चढवला होता, तो अण्णांनी खाली उतरवला. “हा राहू दे इथे. पाणी प्यायला म्हणून तरी येशील.” माझे डोळे भरले तसा बाळूनाना पुढून ओरडला, “अण्णा, पोरगी अंबरनाथला चाललीय, अमेरिकेला नाही! आटपा!” सगळे हसले. मीही.

अंबरनाथ खरंच लांब नव्हतं. तरी दर महिन्याचं येणं गणपतीपुरतं झालं आणि मग फोनवर आलं. मुलं मोठी झाल्यावर मी बदलापूरला प्लॉट विकणाऱ्या एका ऑफिसात लागले. मांजर्लीत घरात पुराचं पाणी शिरलेले लोक उंचावरची जागा विचारत येतात, उल्हासनगरचे व्यापारी शनिवार-रविवारसाठी येतात. साइट व्हिजिट, व्ह्यू, वीकेंड होम हे शब्द आता मला भाजीच्या नावांसारखे येतात. काम मला आवडतं, चांगलं जमतं. वाडीशेजारचा माळ विक्रीला आला तेव्हा साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही तर लोकल. धबधबा सगळेच दाखवतात. दुसऱ्या कोणाकडे नाही असं काहीतरी द्या.”

मी कातळ दिला.

नदीच्या वळणावरचा तो सपाट काळा दगड. वाडीतल्या प्रत्येकाचा दहावा तिथे होतो. पिंड मांडायचे, मागे सरायचं आणि कावळ्याची वाट पाहायची. सूर्यास्त तिथून सुंदर दिसतो हे मला कुठून कळलं? अण्णांच्या दहाव्याला कावळा शिवेना. दर्भाचा कावळा करून मोकळं व्हा, असं सगळे म्हणत होते, पण दादा ऐकेना. ऊन उतरलं, सूर्य डोंगराला टेकला. शेवटी दादाने हात जोडले. “अण्णा, सुमनचं माहेर मी तुटू देणार नाही.” तेव्हा कुठे कावळा आला. त्या संध्याकाळचा मी सनसेट पॉइंट केला, रस्त्याच्या फाट्यावर बाण काढलेली पाटीही लावून घेतली.

गेल्या रविवारी गिऱ्हाइकांची बस घेऊन गेले. कातळाकडे उतरलो तर तिथे माणसं. पांढरे कपडे, नुकतीच मुंडण केलेली डोकी. बाळूनानाचा दहावा होता. तो गेल्याचं मला माहीत होतं. ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र मीही टाकलं होतं. दिवस मात्र मोजले नव्हते.

माझ्या मागून आलेल्यांनी फोन वर धरले. एकाने विचारलं, “मॅडम, ये कोई लोकल फेस्टिव्हल है क्या?” झाडावरचे दोन कावळे उडून पलीकडच्या काठाला गेले. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एक सिंधी बाई होत्या, त्यांनी आधी ओळखलं. चपला काढून त्या नवऱ्याला म्हणाल्या, “फोन नीचे करो, किसी का दिन है.” मी गळ्यात ऑफिसचं कार्ड घालून तशीच उभी.

वहिनी पुढे आली. “वन्सं, आलात? बसा. पाहुण्यांनाही बसवा.” तिच्या आवाजात राग नव्हता, तेच सोसेना. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, “तिकीट किती ठेवलंयस गं? आमच्यासाठी काही कमी करशील ना?”

कोणी हसलं नाही. मी सगळ्यांना बसमध्ये बसवलं आणि परत आले. कावळा शिवला की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. दादाचा फोन नाही, मी केलेला तो उचलत नाही.

आज साहेबांना म्हटलं, चार नंबर काढते. ते म्हणाले, “मॅडम, लोक तेवढ्यासाठीच येतात. रोज थोडंच कोणी मरतं?” वाक्य त्यांचं होतं, पण त्या दगडाला डेक मीच केलं होतं. लाजेने मान वर होईना.

१५ मे. सकाळी चार नंबर खोडून पान छापायला पाठवलं. साहेबांना तसं कळवून फोन बंद केला आणि काळ्या रंगाचा डबा नि ब्रश घेऊन पहिल्या एसटीने फाट्यावर उतरले. पाटीवरचा बाण पुसत होते, तोच मागे मोटारसायकल थांबली. दादा होता.

“खालचं सनसेट राहिलं,” तो म्हणाला.

तेही पुसलं.

“गाडी थांबलीय का तुझी?”

“एसटीने आले.”

त्याने माझ्या हातातला डबा घेऊन हँडलला अडकवला. “मग बस मागे. पाणी पिऊन जा.”